डेव्हिल्ड एग्ज दर वेळी फसतात? बिघाड बहुधा सारणात नसतो

बारा अंडी उकडायची. त्यातली सात-आठ धड सोलून निघायची आणि उरलेल्यांची अवस्था उंदराने कुरतडल्यासारखी. माझं हे कितीतरी वर्षं चाललं होतं. सँडविचमध्ये किंवा सॅलडमध्ये घालायचं अंडं फाटलं तर काही बिघडत नाही, चिरल्यावर सगळी सारखीच. डेव्हिल्ड एग्ज म्हणजे उकडलेलं अंडं अर्धं कापून, बलक मसाला-मेयोनीजमध्ये कालवून परत त्यातच भरायचा. तिथे पांढरा भाग हीच वाटी. वाटीलाच भोक असेल तर सारण कितीही झकास जमू दे, ताट पाहुण्यांपुढे न्यायची लाज वाटते.

आणि मी दर वेळी सुधारणा कुठे करायचे? सारणात. मस्टर्ड बदलून बघ, मेयोनीज वाढवून बघ, वरून पॅप्रिका जरा जास्त भुरभुरव म्हणजे खड्डे झाकले जातील. शेवटी एकदा वैतागून एकाच दिवशी तीन तऱ्हांनी अंडी उकडली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली: थंड पाण्यात सोडलेली, उकळत्या पाण्यात सोडलेली, वाफेवरची. सोलायला बसले तेव्हा तिन्ही गटांत इतका फरक होता की मी खुणा पुसून गेल्या नाहीत ना, हे दोनदा पाहिलं. या पदार्थाचं बरंवाईट सारण कालवण्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं. अंडं किती दिवसांचं आहे, ते कसल्या पाण्यात सोडलं आणि बाहेर काढल्यावर त्याचं काय केलं, एवढं नीट पाहिलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

यात एक पेच आहे, तो आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. सहज सोलून निघणारं अंडं जुनं असावं लागतं. आणि जुन्या अंड्यातला बलक मधोमध राहत नाही. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी हव्यात आणि त्या अंड्याला विरुद्ध दिशांनी ओढतात.

पांढरा भाग कवचाबरोबर उपटून येतो

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकायला मिळते, तेव्हा हिच्यावरच जास्त वेळ घालवू.

कवचाच्या आतल्या बाजूला पातळ पापुद्रा असतो, तो तुम्ही सोलताना पाहिलाच असेल. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजणारा आकडा, जितका जास्त तितकं अल्कधर्मी) साधारण 7.6 च्या आसपास असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून हा वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत पीएच चढून 9.2 पर्यंत पोचतो. पीएच कमी असताना पांढऱ्यातली प्रथिनं शिजता शिजता त्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतात, वाढला की पकड सैल होते. म्हणून ‘मुद्दाम ताजी अंडी आणली होती’ हे वाक्य फाटक्या अंड्यांची गोष्ट सांगताना हमखास कानावर पडतं.

उपाय सरळ आहे. डेव्हिल्ड एग्ज करायचा बेत असेल तर अंडी आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा. सात ते दहा दिवस झालेलं अंडं या कामाला उत्तम. घरातली अंडी कधीची आहेत तेच आठवत नसेल तर एका खोलगट भांड्यात पाणी घेऊन त्यात अंडं सोडा. अगदी ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं. थोडं मुरलेलं असेल तर तळालाच टेकतं, पण रुंद टोक किंचित वर उचलतं, कारण आतली हवेची पोकळी दिवसागणिक मोठी होत जाते. तेच आपल्याला हवं. सरळ उभं राहिलं तर बरंच जुनं आहे, आणि पाण्यावर तरंगलं तर ते बाजूला ठेवलेलंच बरं.

पण पाहुणे उद्या येणार आणि अंडी आजच आणलीत, असं होतंच. तेव्हा दुसरा उपाय कामाला येतो, आणि खरं सांगायचं तर तो पहिल्यापेक्षा जास्त खात्रीचा आहे: अंडी थंड पाण्यात ठेवून तापवू नका, उकळत्या पाण्यात सोडा. पाणी हळूहळू तापत गेलं की पांढऱ्याचा बाहेरचा थर सावकाश शिजतो आणि त्याला पापुद्र्याला चिकटायला भरपूर वेळ मिळतो. एकदम कडक उष्णता लागली की तोच थर झटकन स्वतःत आकसून घट्ट होतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. माझ्या तीन गटांत थंड पाण्यातल्यांची दैना झाली, उकळत्यातली बहुतेक गुळगुळीत निघाली, आणि वाफेवरच्यांचं कवच तर जणू आपणहून हातात आलं.

पद्धत अशी. पातेल्यात एवढं पाणी घ्या की अंड्यांवर दोन बोटं राहील. खळखळ उकळी आली की झाऱ्यावर एकेक अंडं घेऊन अलगद तळाशी टेकवा. वरून सोडू नका. एका थरात मावतील तेवढीच अंडी घ्या. सगळी आत गेली की आच थोडी कमी करा. पाणी उकळत राहिलं पाहिजे, पण अंडी एकमेकांवर आपटायला नकोत. फ्रिजमधल्या मध्यम-मोठ्या अंड्याला, म्हणजे 55-60 ग्रॅमच्या, तिथून 12 मिनिटं पुरतात. वाफेवर करायची तर पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यावर जाळी, पाणी उकळलं की जाळीवर अंडी, झाकण, आणि 12-13 मिनिटं. वाफेत अंडी हलत नाहीत, म्हणून तडे कमी जातात. सहा-आठ अंड्यांसाठी मी आता वाफच वापरते.

उंचावरच्या ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. तिथे एक-दोन मिनिटं वाढवावी लागतात. किती, ते एक अंडं बळी देऊन ठरवा. मी तसंही दोन अंडी जास्तीची उकडते. त्यातलं एक 11 व्या मिनिटाला काढून कापून बघायला, आणि दुसरं कशाला ते पुढे सांगते.

उकळत्या पाण्यात अंडी तडकतात अशी भीती असेल तर ती काही खोटी नाही. आतली हवा एकदम फुगते आणि तिला छिद्रांतून पुरेशा वेगाने बाहेर पडता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं आधी अंडी फ्रिजमधून काढून ठेवली तर तडकण्याचं प्रमाण कमी होतं. तरी एखादं तडकतंच, त्याला काही इलाज नाही.

आता मीठ, व्हिनेगर आणि सोडा. या तिघांची नावं सोलण्याच्या सल्ल्यात सारखी येतात. मिठाने अंडं सोलायला सोपं होतं असा माझा तरी अनुभव नाही. मीठ आणि व्हिनेगरचा उपयोग वेगळाच आहे: तडकलेल्या अंड्यातून बाहेर येणारा पांढरा भाग ती लवकर गोठवतात, त्यामुळे पाण्यात शेपटं सुटत नाहीत. व्हिनेगर जास्त झालं तर कवचाशी झटापट करून बुडबुडे काढत बसतं. खाण्याच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, म्हणून त्यामागचं तर्कशास्त्र बरोबर आहे, पण उकळत्या पाण्यात अंडी सोडत असाल तर त्याची गरज उरत नाही. वर गंधकासारखा उग्र वास वाढण्याची शक्यता असते. मी दोनदा वापरला आणि डबा पुन्हा कपाटात ठेवला.

बारा मिनिटं झाली की अंडी लगेच बर्फाच्या पाण्यात. नुसतं नळाचं पाणी ओतून ‘होतील थंड’ म्हणून सोडून देऊ नका. ते पाणी दोन मिनिटांत कोमट होतं आणि अंडी आत शिजतच राहतात. बर्फ भरपूर घ्या, आणि किमान 15 मिनिटं तशीच ठेवा. रुंद टोकाला जो खळगा पडतो तो हवेच्या पोकळीमुळे. उकडण्याआधी त्या टोकाला टाचणीने भोक पाडलं तर तो कमी होतो म्हणतात. खळगा कुणाला दिसतही नाही, म्हणून मी त्या फंदात पडत नाही.

सोलण्याची हातचलाखी मात्र मला भाचीने शिकवली. ती ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि म्हणाली, “मावशी, तू नखाने का उकरतेस? अंडं आहे की लॉटरीचं तिकीट?” मग तिने एक अंडं घेतलं. रुंद टोक ओट्यावर टक् करून टेकवलं, तिथे पोकळी असते म्हणून पहिला तुकडा आत रुतत नाही. मग अंडं आडवं करून तळहाताखाली घेतलं आणि अगदी हलका दाब देत पुढे-मागे लोळवलं, अख्ख्या कवचावर बारीक जाळी पडेपर्यंत. करकर असा आवाज येत राहतो, तो थांबला की पुरे. मग वाडग्यातल्या पाण्यात बुडवून, रुंद टोकाकडून, अंगठ्याच्या पोटाने पापुद्रा चिमटीत धरून ओढला. कवच पापुद्र्याला लटकून पट्टीसारखं उलगडत आलं. सगळी मेख त्या पापुद्र्यात आहे. तो हाती लागला नाही आणि तुम्ही नुसतं कवच टिपत बसलात, तर पापुद्रा अंड्यावरच राहतो आणि पुढच्या चिमटीला पांढरा भाग घेऊन येतो.

अर्ध्यात अडलं तर ओढाताण करू नका. अंडं तसंच गार पाण्यात आणखी दहा मिनिटं ठेवा, चिरांमधून पाणी आत शिरतं. मग चहाच्या चमच्याची पाठ पांढऱ्याच्या बाजूला न लावता कवचाच्या बाजूला ठेवून, गोलाईवरून आत सरकवा.

बलक एका कडेला जातो आणि वाटीची भिंत फाटते

इथे तो पेच समोर येतो. ज्या दिवसांत पांढऱ्यातला वायू निघून जातो, त्याच दिवसांत घट्ट पांढरा भाग पातळ होत जातो. बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पांढरे पिळदार दोरेही सैल पडतात (कच्चं अंडं फोडल्यावर बलकाजवळ जे गुंतवळ दिसतं ते). बलकात स्निग्धांश असल्यामुळे तो पांढऱ्यापेक्षा हलका असतो. धरणारं कुणी राहिलं नाही की तो वर सरकतो. अंडी ट्रेमध्ये रुंद टोक वर करून ठेवलेली असतात, म्हणून बलक त्या टोकाकडे जातो. उकडताना अंडं आडवं पडतं, तेव्हा वरच्या कुशीला जाऊन चिकटतो. अशा अंड्याचे दोन भाग केले की एकीकडे जाड भिंत आणि दुसरीकडे कागदासारखी पातळ, सारण भरताना फाटणार म्हणजे फाटणारच.

म्हणून तीन आठवड्यांची अंडी मी या कामाला घेत नाही. ती सोलतात सुरेख, पण आत बलक भिंतीला टेकलेला. आठवड्याभराचं अंडं आणि उकळतं पाणी, हा माझा तोडगा. सोलण्याचं काम निम्मं वयाकडून करून घ्यायचं आणि निम्मं उष्णतेकडून.

शिवाय आदल्या रात्री अंड्यांचा खोका रबर लावून फ्रिजमध्ये आडवा करून ठेवा. बलक रुंद टोकाकडून लांबीच्या मध्याकडे येतो. उकळत्या पाण्यात सोडल्यावर पहिली तीन-चार मिनिटं लाकडी चमच्याने अंडी गोल गोल फिरवत राहा, हलक्या हाताने, जसं चहाचं आधण ढवळतो तसं. या वेळात बाहेरचा पांढरा भाग धरू लागलेला असतो आणि आतला अजून सैल असतो, त्यामुळे बलक एका बाजूला बसत नाही. चार मिनिटांनंतर ढवळून काही उपयोग नाही, नुसते तडे जातील. वाफेवर ढवळण्याची सोय नसते, तेव्हा रात्री आडवं ठेवणं तरी चुकवू नका.

आणि समजा एवढं करूनही बलक सरकला? सोललेलं अंडं उजेडात धरून फिरवा. बलक ज्या बाजूला कडेशी आला असेल तिथे पांढऱ्यातून किंचित पिवळसर-करडी छटा दिसते. सुरी बरोबर त्या डागावरूनच चालवा, लांबीत. म्हणजे डाग दोन्ही भागांत अर्धा अर्धा जातो. काठ एका बाजूला जरा पातळ होतो पण दोन्ही वाट्यांचा तळ शाबूत राहतो. डाग खाली किंवा वर ठेवून कापलात तर एका वाटीत जवळजवळ अख्खा बलक आणि तळाला भोक, दुसरीत नुसता पांढरा भाग. बलक रुंद टोकाकडे गेला असेल तर सरळ आडवं कापा आणि उभ्या पेल्यांसारखी भरा. कुणी विचारलं तर मुद्दाम तसंच केलंय म्हणून सांगा.

बलकाभोवती हिरवट-करडं कडं

जास्त शिजलं, सावकाश थंड झालं, एवढाच त्याचा अर्थ. पांढऱ्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडते, त्यातून ते आयर्न सल्फाइडचं कडं तयार होतं. खायला अपाय नाही, पण सगळं सारण मळकट दिसतं आणि वासही येतो. पीएच चढलेल्या, म्हणजे जुन्या अंड्यांत हे जास्त होतं, आणि सोडा घातलात तर आणखी. 12 मिनिटं आणि बर्फ, बस्स.

उलट बाजूनेही चुकतं. बलकाच्या मध्यभागी गडद, ओलसर, चिकट ठिपका राहिला असेल तर तो भाग कुस्करला जात नाही आणि सारणात गुठळ्या राहतात. बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. या पदार्थाला तो पूर्ण कोरडा पण अजून पिवळाधमक हवा. ते 11 व्या मिनिटाचं चाचणीचं अंडं यासाठीच.

कापताना बलक पांढऱ्यावर माखतो

अंडी गार असू द्या, सुरी पातळ पात्याची घ्या आणि दर कापानंतर ओल्या फडक्याने पुसा. करवतीसारखी पुढे-मागे नको, एकाच ओढीत खाली. वाटी ताटात डुगडुगते त्यासाठी तळाची नाण्याएवढी चकती उडवा, आणि ती चकती फेकू नका, वाटीच्या तळाला चुकून भोक पडलं असेल तर आतून तीच बसवता येते.

सारण: गुठळ्या, पातळपणा, तेल सुटणं

सहा अंड्यांचे बलक साधारण 100 ग्रॅम भरतात. त्याला मेयोनीज तीन मोठे चमचे, मस्टर्ड एक छोटा चमचा, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक छोटा चमचा, मीठ, मिरपूड, आणि तिखटाची चिमूट. हे प्रमाण बरोबर असूनही सारण बिघडतं, कारण सगळं एकदम ओततो आपण. कोरडा बलक आणि मेयोनीज एकत्र घातलं की बलकाचे कण वरून ओले होतात आणि आतून कोरडेच राहतात. मग काट्याने कितीही घोटा, वाळूचे खडे लागावेत तसं लागतं.

आधी बलक एकटा. बारीक जाळीच्या गाळण्यात घेऊन चमच्याच्या पाठीने दाबून खाली पाडा, अगदी रव्यासारखा हलका पडतो. बलक फ्रिजमधून थेट काढलेला असेल तर तो दाबताना गोळा होतो, म्हणून कापल्यावर लगेच काढलेले बलक दहा मिनिटं बाहेर राहिले तर काम सोपं. मग दोन चमचे मेयोनीज घालून पूर्ण मळून घ्या आणि तिसरा चमचा बघून बघून. चमच्यावर उचललेलं सारण उलटं धरलं तर पडता कामा नये, पण बोट लावलं तर लोण्यासारखं दबलं पाहिजे. पायपिंग बॅगचं नोझल तुंबतं तेही याच कणांमुळे. चाळलेल्या बलकाचं तुंबत नाही. तरी अगदी बारीक नोझल घेऊ नका, एक सेंटिमीटर तोंडाचं चांदणीवालं पुरे. नोझल नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापा.

पातळ झालं तर? इथे ते दुसरं जास्तीचं अंडं. त्याचा बलक चाळून आत घाला, सारण जागच्या जागी आवळतं आणि चवही पातळ होत नाही. त्याचा पांढरा भाग, आणि फाटलेल्या अंड्यांचाही, बारीक चिरून सॅलडमध्ये जातो. दुसरा मार्ग म्हणजे मऊ लोण्याचा एक चमचा मिसळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणं. गार झाल्यावर लोणी धरतं आणि भरलेला आकार मोडत नाही. ब्रेडचा चुरा घालायचा सल्लाही मिळतो. घालू नका. तासाभरात तो फुगतो आणि सारणाला पिठूळ चव येते.

तेल सुटलं, सारण चकचकीत दिसायला लागलं आणि भांड्याच्या कडेला पिवळी धार जमली, तर मिक्सरमध्ये फार वेळ फिरवलंत किंवा मेयोनीज खूप झालं. मेयोनीज म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवलेले, ती पकड सुटली. एक छोटा चमचा कोमट पाणी घालून हाताने घोटा. बहुधा परत जुळतं, कारण बलकात लेसिथिन असतं आणि ते पकड पुन्हा बसवायला मदत करतं. नाही जुळलं तर दुसऱ्या भांड्यात चमचाभर मस्टर्ड घेऊन बिघडलेलं सारण त्यात थोडं थोडं कालवत जा. मिक्सर मी या कामाला काढतच नाही. सहा बलकांसाठी तो धुण्याचा व्यापच जास्त.

कांदा, पिकल्स, कोवळी पात असं काही घालणार असाल तर बारीक चिरून, मीठ न लावता, टिपकागदात पिळून मगच घाला. भरायच्या अगदी आधी. यांचं पाणी सारणात उतरायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

चव सपक लागते ही तक्रार बहुतेक वेळा थंडपणाची असते. कोमट सारण चाखून मीठ-आंबट ठरवलंत आणि फ्रिजमधून काढून वाढलंत, की तेच सारण मुकं लागतं. म्हणून चाखताना किंचित जास्त वाटेल इतकं मीठ, आंबट आणि तिखट हवं. पदार्थाच्या नावातच ते आहे: झणझणीत मसाला लावलेल्या पदार्थाला इंग्रजीत सैतानाचं नाव द्यायची रीत 18 व्या शतकातली. नुसतं मेयोनीज कालवलेल्या सौम्य सारणाला हे नाव शोभत नाही, असं माझं मत.

तासाभरात पाणी सुटतं, रंग ओघळतो, वाट्या घसरतात

पांढऱ्या भागात बर्फाच्या पाण्याचा ओलावा राहिलेला असतो, आणि मीठ लागलं की आतलंही पाणी बाहेर येतं. सोलल्यावर अंडी टिपून घ्या, आणि कापल्यावर वाट्या पालथ्या टिपकागदावर दहा मिनिटं ठेवा. वाटीच्या आत मीठ भुरभुरवू नका, मीठ सारणात असू द्या. पॅप्रिका किंवा तिखट वाढायच्या क्षणी. आधी घातलं की ओलाव्याने विरघळून पिवळ्यावर लाल ओघळ येतात, आणि मग ताट कुणीतरी धक्का मारून नेल्यासारखं दिसतं.

आदल्या दिवशी तयारी करायची तर रिकाम्या वाट्या घट्ट झाकणाच्या डब्यात एका थरात ठेवा आणि सारण पिशवीत हवा काढून, तोंड बांधून वेगळं. दोन्ही फ्रिजमध्ये. भरणं खाण्याच्या तासभर आधी. अंडी नुसती उकडून, कवचासकट, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात, पण सोललेली ठेवायची झाली तर दुसऱ्या दिवसापलीकडे मी नेत नाही, कडक होतात. फ्रीझरचा विचार करू नका. पांढरा भाग रबरासारखा होतो आणि वितळताना पाणी सोडतो.

भरलेल्या वाट्या बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं असेल तर इथे आणखी कडक राहा. लांब ताटं मांडायची असतील तर सगळी एकदम बाहेर न काढता अर्धी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या फेरीला आणा. आणि कुणाकडे न्यायची असतील तर भरून नेऊच नका. डबा गाडीत एका वळणाला कलंडला की सहा वाट्या एका कोपऱ्यात, सगळ्यांचं सारण एकमेकांच्या पाठीला. वाट्या डब्यात, सारणाची पिशवी वेगळी, कात्री सोबत. तिथे पोचून पिशवीचा कोपरा कापला की पाच मिनिटांत बारा वाट्या भरून होतात.